दादाच्या जीपचा दगड

या सदरातले अनुभव मी न चुकता वाचतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतो. अमक्या घाटात पांढऱ्या साडीतली बाई, तमक्या वळणावर आपोआप बंद पडलेली गाडी... गाडी आपोआप बंद पडत नाही हो! डिझेल संपतं, लाइनीत हवा धरते, फिल्टर चोक होतो. शहापूरला माझं लहानसं गॅरेज आहे, त्याआधीची उमेदीची वर्षं स्टिअरिंगमागे गेली. नवीन गाडी आणली की लोक लिंबू-मिरची बांधायला धावतात, मी त्यांना आधी ऑइल बघायला सांगतो. भूत, चकवा, करणी — यातलं मी काही मानत नव्हतो आणि आजही फारसं मानत नाही. तरी हे लिहायला बसलोय, कारण एक गोष्ट अशी घडली की तिचं काय करायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही. वहिनीला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिवा. पन जसं झालं तसंच लिवा, तिखटमीठ लावू नका."

तर तिखटमीठ न लावता.

आमचं गाव — गाव कसलं, पाडाच — डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. भात, नाचणी, आणि बाकीचं वर्षभर मिळेल ते काम. वडील मी शाळेत असतानाच गेले. माझ्याहून बराच मोठा भाऊ काशिनाथ, म्हणजे दादा, त्यानंच घर ओढलं. त्यानं एक जुनी जीप घेतली होती. रोज डोळखांब ते शहापूर, आणि बाजाराच्या दिवशी मुरबाड. नव्वदच्या दशकात आमच्या भागात एसटी आली तर यायची, त्यामुळे दादाच्या जीपमध्ये आत जेवढी माणसं तेवढीच बाहेर लटकलेली असायची. कोंबड्या, सुक्या मासळीच्या टोपल्या, बाळंतपणाला निघालेली पोर, सगळं त्याच जीपमधून. मी गाडी शिकलो तीही तिच्यावरच.

त्या जीपला हँडब्रेक होता, पण नावाला. आमच्याकडच्या सगळ्याच जीपांचं तेव्हा तसं. उतारावर गाडी उभी करायची तर चाकामागे दगड लावायचा, आणि निघताना तो उचलून कडेला टाकायचा, ही रीत. पण बरेच ड्रायव्हर टाकत नाहीत. गाडी सुरू केली की निघाले, दगड तसाच रस्त्याच्या मधोमध. मागून एखादा मोटारसायकलवाला येतो आणि... दादाला याची भारी चीड. कुणाचाही दगड रस्त्यात दिसला की भरलेली जीप थांबवून खाली उतरायचा, दगड उचलून गटारात फेकायचा, टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि मगच निघायचा. पॅसेंजर वैतागायचे. "काशिनाथ, तुला काय सरकारनं नेमलाय का रे?" तो म्हणायचा, "ज्यानं लावला त्यानंच काढायचा. तो नाय काढत, मंग मी काढतो."

त्याचा स्वतःचा दगड ठरलेला होता. आईचं जातं फुटलं, तेव्हा वरच्या तळीचा अर्धा तुकडा त्यानं जीपमध्ये टाकला. अर्धगोल, एका अंगाला पाथरवटाच्या टाकीचे, म्हणजे छिन्नीचे घाव, आणि खुंटा ठोकायचं भोक शाबूत. त्या भोकातून निळी नायलॉनची दोरी ओवलेली, म्हणजे ओढून काढायला सोपं. आई भडकली होती. पीठ दळायचा दगड चाकाखाली घालतोस? दादा म्हणाला, "आई, इतकी वर्सं त्यानं आपल्याला जगवलं ना? आता पॅसेंजरला जगवंल." आई हसली नाही, पण गप्प बसली. निघताना दोरी ओढायची, दगड उचलायचा, मागच्या सीटखाली डाव्या कोपऱ्यात ठेवायचा, मग गिअर टाकायचा. जत्रेत देवाच्या पाया पडायला एखाद वेळ विसरेल, पण हा क्रम त्यानं कधी चुकवला नाही.

मला शिकवताना एक गोष्ट तो सारखी बजावायचा. "जन्या, गाडी जॅकवर घेतलीस का गियरवर इस्वास ठेवू नको. मागचं एक चाक उचललं का दुसरं मोकळं फिरतं. दगड लावल्याबिगर गाडीखाली घुसायचा नाय." हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

नव्वदचं दशक सरता सरता मी आखातात गेलो. देशाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, गरजही नाही. ठरलं असं होतं की करार पुरा करायचा, परत यायचं, दोघांनी मिळून एक बरी जीप घ्यायची आणि मुरबाड–कल्याण लाइनला लावायची. दादा मला सोडायला कल्याणपर्यंत आला. त्याच्या पुढे मुंबईत गाडी घालायची त्याला धास्ती वाटायची, आयुष्यात तो कल्याणच्या पुढे गेला नाही. स्टेशनबाहेर त्यानं दगड लावला, माझी बॅग उतरवली आणि म्हणाला, "येशील तवा हितंच उभा र्‍हाईन. ह्याच जाग्यावर." मग दगड उचलून सीटखाली ठेवला, हात केला आणि गेला. मी त्याला पाहिलं ते शेवटचं.

तिकडचं काम असं — समुद्राकाठच्या डेपोत माल भरायचा आणि वाळवंटात आत, जिथे तेलासाठी खणायचं काम चालायचं, त्या कॅम्पांना पोचवायचा. पाणी, भाजी, डिझेल, मशिनचे पार्ट. सुरुवातीला डांबरी रस्ता, मग खडीचा कच्चा, मग रस्ताच नाही. पुढे गेलेल्या गाडीच्या चाकोऱ्या हाच रस्ता, आणि वारा सुटला की त्याही पुसल्या जायच्या. मधे मधे खुणेला रिकामे ड्रम उभे केलेले असत. एका ड्रमपासून पुढचा ड्रम दिसला तर नशीब.

लोकांना वाटतं वाळवंटात गाडी चालवणं म्हणजे वाळूत रुतणं. रुतण्याचं काही विशेष नाही हो, टायरची हवा कमी केली, फावडं मारलं की गाडी निघते. गाडीला मारतो तो पन्हाळी पत्र्यासारखा झालेला कच्चा रस्ता. हळू चालवलं तर दात वाजतात. जोरात चालवलं तर गाडी वरच्या वर निघून जाते, बरं वाटतं — आणि खाली स्प्रिंगचे पाटे, बुश, शॉकअप, सगळ्यांची वाट लागत असते. दर मुक्कामाला पाना घेऊन गाडीभोवती फिरायचं, कारण नट सैल झालेले असायचेच. संध्याकाळी एअर फिल्टर झटकला तर नाचणीचं पीठ चाळल्यासारखा ढीग पडायचा. नवीकोरी पिकअप तिकडे वर्षभरात म्हातारी व्हायची. मी दादाला फोनवर चिडवायचो, "तुझी जीप इथे आठवड्यात भंगारात जाईल." तो म्हणायचा, "अरे, तुज्या शेखानं डोळखांबचा रस्ता बघितला नाय अजून."

शुक्रवारी सुट्टी असायची. डोळखांबला एका दुकानात एसटीडीचा फोन होता, दुपारी ठरलेल्या वेळेला घरचे तिथे येऊन बसायचे. आधी दादा यायचा, वहिनी सोबत असायची. दिवाळीच्या सुमारापासून वहिनी एकटीच यायला लागली. मी शाळेत असताना ती घरात आली, पण पहिल्या दिवसापासून मला 'भावजी' आणि 'तुमी' म्हणायची. "भावजी, ते भाडं घेऊन गेलेत." "किन्हवलीचं वऱ्हाड हाय, तिकडं गेलेत." "काल उतारावर पाटा तुटला, लाकूड बांधून आनली जीप. आज तिच्याखालीच पडलेत, हात काळे करून." मी खदाखदा हसायचो. म्हणायचो, सांग त्याला, आता तरी नवीन पाटे टाक. ती म्हणायची, सांगते.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, जी मला तेव्हा माहीत नव्हती. दादा गेला होता. दिवाळीच्या आधी, शहापूरला येताना, एका वळणावर कुणाचा तरी दगड रस्त्यात पडलेला त्याला दिसला. नेहमीसारखी भरलेली जीप थांबवली, आपला दगड चाकामागे लावला, आणि तो दुसऱ्याचा दगड उचलायला गेला. वाकलेला असतानाच वळणावरून ट्रक आला. जीपमधल्या माणसांनी बघितलं सगळं. त्यांच्यातल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही, जीप दगडावर जागच्या जागी उभी होती.

मला कळवायचं नाही असं घरात ठरलं. बाहेरदेशी गेलेल्यांच्या बाबतीत करतात आमच्याकडे असं. पासपोर्ट कंपनीकडे, सुट्टी मिळणार नाही, आणि पोरगा एकटा वाळवंटात गाडी चालवतो, त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही तर? चुलतभावानं अग्नी दिला. मी ना सुतक पाळलं, ना डोकं भादरलं. ते दिवस मी काय करत होतो ते आठवायचा पुष्कळदा प्रयत्न केलाय. नाही आठवत. कॅम्पात पत्ते खेळत असेन, मजेत असेन.

आता ती गोष्ट.

उन्हाळा लागला होता. मंगळवार होता, हे पक्कं आठवतं, कारण भाजीची गाडी मंगळवारची असे. वाळवंटात दोन गाड्यांनी जोडीनं जायचा नियम, पण जोडीची गाडी रेडिएटर फुटून कॅम्पातच पडलेली, आणि तिचाच नवा रेडिएटर घेऊन मी एकटा निघालो होतो. दुपारी एक कोरडा ओढा लागतो, त्याच्या तळात उतरून पलीकडचा चढ चढायचा. चढाच्या मध्यावर मागून फाडकन आवाज आला आणि गाडी एका अंगाला बसली. डाव्या पाट्याचं मुख्य पान तुटलं होतं. ॲक्सल मागे सरकून चाक बॉडीत अडकलेलं. गाडी ना पुढे जाते, ना मागे.

असं झालं की काय करायचं ते मला ठाऊक होतं. जॅकखाली फळी टाकून चॅसी उचलायची, पहारीनं ॲक्सल जागेवर सरकवायचा, मधे लाकडाचा ठोकळा घालून साखळीनं आवळायचं आणि जीव मुठीत धरून कॅम्प गाठायचा. सगळं दादानंच शिकवलेलं. अडचण दगडाची होती. चारी बाजूंना बघितलं, लिंबाएवढा खडा नाही. नुसती वाळू. स्टेपनी पाण्याच्या ड्रमांखाली दबलेली. शेवटी उजव्या चाकामागे वाळूचा ढीग केला, त्यात फावडं आडवं रोवलं, गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडीखाली शिरलो. दादा असता तर पाय धरून बाहेर खेचलं असतं त्यानं, पण दुसरा इलाज दिसत नव्हता.

पहार लावून जोर केला. पुन्हा केला. ॲक्सल सरकला, अडकलेलं चाक सुटलं — आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की इतका वेळ गाडीला धरून ठेवलं होतं ते त्या अडकलेल्या चाकानंच. फावड्याचा दांडा कडकन मोडला. जॅक कलला. छातीवरची चॅसी मागे सरकायला आणि खाली यायला लागली. ओरडलो की नाही, आठवत नाही. ओरडून तरी तिथे कोण येणार होतं.

आणि गाडी थांबली. खट् असा आवाज झाला. चाक दगडावर बसताना होतो तो. हा आवाज मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलाय की त्यात माझी चूक व्हायची नाही.

मान वळवून पाहिलं. उजव्या चाकामागे दगड होता. काळा, अर्धगोल, चाक त्याच्यावर दाबून बसलेलं. मी हात लांबवला, बोटं पोचली. टाकीचे घाव बोटांना लागले. त्या उन्हात पाना, पत्रा, वाळू, सगळं चटके देत होतं. दगड गार होता, घरात जात्याचा असायचा तसा गार. भोकातून निळी दोरी बाहेर आलेली, तिचं टोक जळून काळी गाठ झालेलं. दोरी उकलू नये म्हणून दादा टोक काडीनं जाळून ठेवायचा.

त्या वेळी मला काहीच विचित्र वाटलं नाही, आणि आज तेच सगळ्यात विचित्र वाटतं. मनात एवढंच आलं — हां, दगड लावलाय, आता निघ बाहेर. डाव्या अंगानं सरपटत बाहेर आलो, उभा राहिलो, बाजूला झालो. आणि मग गाडी हलली. सावकाश, कुणी दगड काढल्यावर हलते तशी. मागे मागे जात ओढ्याच्या सपाट तळाला जाऊन उभी राहिली.

मी धावत जाऊन जागा बघितली. मोडलेलं फावडं होतं, विस्कटलेला ढीग होता. दगड नव्हता. गाडी मागे गेल्याची चाकोरी होती आणि तिच्या दोन्ही कडांना, वाळूत खोल दाबलेली, अर्धगोलाची दोन टोकं तेवढी उमटलेली होती. पावलं माझी एकट्याचीच. मी वाळू उकरली, वेड्यासारखी, दोन्ही हातांनी, नखं सोलवटेपर्यंत. काही नाही.

सपाटीवर पुढचं काम सोपं झालं. ठोकळा घातला, साखळी आवळली, सूर्य बुडायच्या आत कॅम्पात पोचलो. कुणाला काही बोललो नाही. ऊन डोक्यात गेलं, भास झाला, फावड्याचं पातं चाकाखाली अडकलं असेल... असं स्वतःला समजावलं आणि जेवून झोपलो.

शुक्रवारी फोन केला. वहिनीच होती.

"वहिनी, दादाला सांग, त्याचा दगड पार इथवर आला होता!" मी हसत हसत सगळं सांगितलं, दोरीसकट.   

"कनच्या दिवशी?" तिनं विचारलं.

"मंगळवारी. दुपारी."

"आनि मागनं बघितलंत तवा... दगड नव्हता?"

"नव्हता ना. दादालाच विचार कुठे लपवलाय." मी अजून हसतच होतो.

"इचारते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "भावजी, दगडाचं परत सांगा." मग हे दर वेळचंच झालं. गार होता का? दोरी निळीच का? टोक जळालेलं तुमी सवता बघितलंत? मी म्हणायचो, अगं, भास तो, उन्हाचा. ती म्हणायची, "असंल. पन सांगा." आणि मी सांगायचो. दादा कुठाय विचारलं तर आधीसारखंच काहीतरी सांगायची, मुरबाडच्या बाजारला गेलेत, अमक्याला दवाखान्यात नेलंय. पण आता सांगताना मधेच थांबायची. माझ्या तेव्हा ते ध्यानात आलं नाही.

करार संपला. पावसाच्या आधी मी परत आलो. बॅगेत दादासाठी सॉकेट पान्यांचा एक चांगला सेट होता, तिकडच्या वर्कशॉपात बघून तसाच मुद्दाम घेतलेला. कल्याणला उतरलो ते थेट स्टेशनबाहेर त्या ठरलेल्या जागेवर गेलो. तिथे चुलतभाऊ भगवान उभा होता, दुसऱ्याच कुणाची तरी जीप घेऊन. "दादा कुठाय?" म्हटलं. "घरी चल," एवढंच बोलला. सबंध रस्ताभर मी बडबड करत होतो, तो नुसता समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. मला वाटलं दादा आजारी असेल, पाय मोडला असेल. त्याच्या पलीकडे मन जातच नव्हतं.

दारात वहिनी उभी होती. तिच्या कपाळाकडे बघितलं आणि मला कळलं.

त्या दिवसाचं फार लिहिता येत नाही. आईवर ओरडलो, भगवानवर ओरडलो. माझा भाऊ होता, मला का नाही सांगितलं? आई म्हणाली, "एक गेला रे जनू. दुसरा कसा घालवू?"  पान्यांचा सेट ओटीवर पडून राहिला. तो मी आजवर उघडलेला नाही.

पण सगळ्यात वाईट वाटलं ते वहिनीचं. काही दिवसांनी ती स्वतःच बोलायला लागली. "तुमचा फोन शुक्रवारचा. मी सोमवारपासून जुळवायची, आज ते कुठं गेले असतील, जीपचं काय मोडलं असंल. पाटा तुटला सांगितलं ना, तवा मला खरंच त्यांचे काळे हात दिसले. फोनवर तरी ते जिते व्हते, भावजी. तुमी आलात नि ते बी बंद झालं." मी तिच्याकडे बघूही शकलो नाही. माझ्या हसण्यावर ही बाई इतके महिने जगली होती, आणि मी परत येऊन तेही तिच्याकडून काढून घेतलं होतं.

जीप घराच्या बाजूला, फणसाच्या खोडाला मागून टेकून उभी होती. टायर बसलेले, पाटे गंजलेले. मागच्या चाकाला तो दगड लावलेला, दोरीसकट. मी खाली बसून त्याला हात लावला. तेच घाव, तेच जळकं टोक.

"हिला इथे फणसाला कुणी टेकवली?" मी विचारलं. दादा जीप नेहमी वर, अंगणाच्या तोंडाशी लावायचा.

वहिनी माझ्या शेजारी बसली. म्हणाली, अपघातानंतर दादाच्या एका ड्रायव्हर दोस्तानं जीप आणून नेहमीच्या जागी उभी केली, दगड लावला आणि चावी तिच्या हातात दिली. तेव्हापासून तिनं कुणाला जीपला हात लावू दिला नाही. रोज अंगण झाडताना ती दगडाभोवतीचा पाला काढायची. मग त्या मंगळवारी...

"दुपारी वटीवर तांदूळ निवडत व्हते. आई आत निजलेल्या. खरखर आवाज आला म्हनून बघितलं तर जीप आपली मागं चाललेली. सावकाश. जाऊन फनसाला टेकली. मी धावले. चाकाच्या जाग्यावर दगड नाय."

"पोरांनी काढला असेल. नाहीतर शेळीच्या दोरीनं..."

"मला बी तसंच वाटलं. समदीकडं शोधला. मंग जीपमदी बघितलं." तिनं मागच्या सीटकडे बोट दाखवलं. "सीटखाली व्हता. डाव्या कोपऱ्यात. पोरं तिथं ठेवतील का, भावजी?"

 फणसावर कावळे ओरडत होते.

"कुनाला बोलले नाय मी. शुक्रवारी तुमी फोनवर सांगितलंत, मंग कळलं. तुमच्याकडं आले, दगड लावला. तुमी भायेर निघालात, दगड काढला. दुसरा कोनी असता तर तिथंच टाकून गेला असता. आनि उचलून सीटखाली ठेवला म्हंजे काय, तुमाला ठाव हाय ना?"

ठाऊक होतं. दगड सीटखाली गेला की पुढे फक्त गिअर टाकायचं राहायचं.

"कल्यानच्या पुढं कदी गेले नाय ते," वहिनी म्हणाली. "तुमच्यापाशी दर्या वलांडून गेले. आनि मी हितं वटीवर बसलेली, हाकेच्या अंतरावर. माज्याकडं बघितलं पन नाय. नुसतं निघाले."

 मी तिच्या हातावर हात ठेवला. मग विचारलं, "मग वहिनी, दगड परत चाकाला कसा?"

"मीच लावला. त्याच सांजंला," ती म्हणाली. "मी नाय जाऊ द्यायची."

याला आता बरीच वर्षं झाली. मी यावर गॅरेजवाल्याच्या डोक्यानं पुष्कळ विचार केलाय. फावड्याच्या पात्यानं गाडी क्षणभर अडली असेल, उन्हानं आणि भीतीनं मला जे हवं ते दिसलं असेल. जीपचा दगड इथल्या कुणा पोरानं काढून सीटखाली टाकला असेल. एकेक गोष्ट सुटी घेतली तर उत्तर सापडतं. दोन्ही गोष्टी एकाच मंगळवारी, एकाच दुपारी का, हे मात्र मला कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा, मी मोकळ्या मनानं ऐकेन.

आई आता नाही. माझं बिऱ्हाड शहापूरला, वहिनी अजून पाड्यावरच राहते, कितीदा बोलावलं तरी येत नाही. जीपचा पत्रा बोटानं तुटेल इतका सडलाय, फणसाची मुळं चाकाखालून गेलीत. ती जीप आता कुठे जायची नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तरी वहिनी रोज सकाळी झाडताना वाकून दगड चाकाला नीट लागलाय ना बघते, सरकला असेल तर पायानं आत सारते.

भंगारवाला दर वर्षी येऊन माझ्यामागे लागतो, तेवढा दगड काढून द्या, बाकी मी बघतो. मी त्याला वाटेला लावतो. दगड वहिनीनं लावलाय. काढायचा तर तिनंच.